पेढ्याचे केस

ब्लाउजला अडकवलेली सेफ्टी पिन काढून बेबीताईंनी गोळीच्या पोटात खुपसली, तसं पिवळं तेल कुस्करलेल्या भाकरीवर टिपटिप गळायला लागलं. माशाचा वास स्वयंपाकघरातून थेट ओसरीपर्यंत गेला. समोर पेढा बसला होता. पेढ्याच्याच रंगाचा कुत्रा, पण पाठीवर, मांड्यांवर आणि शेपटीच्या बुडाशी एक केस शिल्लक नव्हता. आख्खी गोळी दिली की हा पठ्ठ्या भाकरी खाऊन गोळी तेवढी बाजूला काढून ठेवायचा, म्हणून हा पिनेचा उद्योग.

ओसरीवरच्या बाजेवरून किसनरावांचा आवाज आला.

"माणसाले मासोळी भेटत नाही, अन् कुत्र्याले मासोळीचं तेल! वा रे नशीब!"

"परवाच तं आणली होती चिखलीहून," बेबीताई म्हणाल्या. "डोकं तुमीच खाल्लं."

"मंग? याले द्या लागत होतं का?"

बेबीताईंनी ताटली कुत्र्यापुढे सरकवली आणि ओसरीवर येऊन मोबाइल पाण्याच्या माठाला टेकवून ठेवला. पेढाही ताटली तोंडानं ढकलत ढकलत त्यांच्यामागं आला. समताच्या फोनची वेळ झाली होती. फोन वाजला आणि लेकीचा चेहरा दिसला. मागं कुठंतरी पाचसहा कुत्री एकदम भुंकत होती.

"जय भीम आई. दिली का गोळी?"

"आत्ताच दिली. पाह्य कसा चाटून राह्यला."

समतानं मान वाकडी करून पाहिलं, जशी काही तशी पाहिल्यानं ताटली जास्त दिसणार होती. बाजेवर खाकरण्याचा आवाज झाला. किसनराव मोबाइलकडे पाठ करून बसले होते, ते तसेच बसून कुत्र्याला म्हणाले,

"ए पुणेकर! सांग तुया मालकिणीले, काल ओकला म्हणा. तेल पचून नाही राह्यलं."

समताचा चेहरा जरा थबकला. मग तीही कुत्र्यालाच म्हणाली,

"पेढ्या, बाबाले सांग, आधी अर्धी भाकर, मंग तेल. रिकाम्या पोटी नाही. अन् दोन-चार दिवस अर्धीच गोळी."

"सांग तिले, समजलं म्हणा."

पेढा ताटली चाटत राहिला. त्याच्या डोक्यावरून बापलेकीचं बोलणं इकडून तिकडं गेलं, याचा त्याला पत्ताही नव्हता.

अबोला धरला की तिसऱ्याच्या तोंडून बोलायचं, हे उंद्री गावात कोणाला शिकवावं लागत नाही. नवरा-बायकोत धुसफूस झाली की लेकरांमार्फत, सासू-सुनांत झाली की शेजारणीमार्फत. इथं मात्र पहिल्याच दिवशी किसनरावांनी बायकोला बजावलं होतं, "माह्या अन् तिच्यामधी तू पडू नको." त्यामुळं घरात धडधाकट आई असून मध्यस्थी करायला कुत्रा यावा लागला.

भांडणाचं मूळ नोकरी. समता जिल्हा परिषदेत लागली तेव्हा किसनरावांनी सगळ्या वस्तीत बुंदी वाटली होती. आयुष्यभर एसटीचं स्टेअरिंग फिरवलेला माणूस. पोरगी पंख्याखाली, टेबलामागं बसणार, लोक तिला मॅडम म्हणणार, या विचारानंच त्यांना कितीतरी दिवस धड झोप लागली नव्हती. आणि तीन वर्षांत पोरीनं ती नोकरी सोडली. का, तर पुण्यात टाकून दिलेली, आजारी कुत्री सांभाळणारं एक केंद्र होतं, तिथं तिला काम करायचं होतं. "लोकं त्या खुर्चीसाठी जीव टाकतात," किसनराव म्हणाले होते, "अन् हे कुत्र्यायचं हागणं-मुतणं काढते." एवढं बोलून त्यांनी तोंड मिटलं, ते दीड वर्ष मिटलेलं होतं. तिचा फोन आला की ते उठून अंगणात जायचे. समताचे फोनही मग कमी कमी होत गेले. आईची ख्यालीखुशाली विचारायची, आणि बाबा कसे आहेत हे विचारायच्या आत आवाज बदलायचा. बेबीताई फोन ठेवून भाजी निवडायला बसायच्या आणि निवडलेली भाजी पुन्हा निवडत राहायच्या.

उन्हाळ्यात समता ओळखीच्या गाडीनं आली, ती पुण्यात स्वतः पाळलेल्या या कुत्र्याला घेऊन. त्याला कसलीशी ॲलर्जी झाली होती. औषधं, इंजेक्शनं झाली, खाज थांबली, पण केस काही येईनात. डॉक्टरांनी माशाच्या तेलाच्या गोळ्या दिल्या होत्या, रोज एक, निदान दोन-तीन महिने. आणि समताच्या पुण्यातल्या घरमालकिणीनं हात जोडले होते. रोग पसरणारा नाही हे तिला सांगून सांगून समता थकली. "अंगावर केस आले की आण बाई, तोवर माझ्या घरात नको," एवढंच तिचं म्हणणं.

"केस आले की नेते, आई," समता म्हणाली होती. किसनराव तेव्हा मुद्दाम शेताकडं गेले होते. परत आले तर बाजेखाली कुत्रा. त्यांनी त्याला हाकललं, तो पलीकडून आत आला. पुन्हा हाकललं, पुन्हा आला. शेवटी "पुण्याचं दिसते, ऐकून नाही राह्यलं," असं म्हणून ते बाजेवर आडवे झाले. पेढा हे नाव त्यांनी कधी घेतलं नाही. त्यांच्यासाठी तो पुणेकर.

गोळीमुळं समताचा रोज फोन येऊ लागला. आणि बाजेखालचा कुत्रा फोनसमोर आला की बाजेवरच्या माणसाला अंगणात जायला कारण उरेना. सुरुवातीचं बोलणं सगळं पोटाबद्दल. ओकला, नाही ओकला, पातळ झाली, घट्ट झाली. पण कुत्र्याच्या पोटाबद्दल माणूस बोलून बोलून किती बोलणार? हळूहळू विषय सरकायला लागला.

"पेढ्या, बाबाले विचार, बीपीची गोळी घेतली का त्यायनं. का फक्त तुलेच गोळ्या?"

"सांग तिले, घेतो म्हणा. रोज घेतो."

हे साफ खोटं होतं. पण त्या दिवशी फोन बंद झाल्यावर किसनरावांनी कोनाड्यातून गोळ्यांची पट्टी काढली आणि पाण्याचा तांब्या मागितला. बेबीताईंनी दिला. चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून त्या लगेच पाठ फिरवून गेल्या.

पुढं पुढं तर ऐकण्यासारखं व्हायला लागलं. सोयाबीनला भाव काय, विहिरीला पाणी किती, पुण्यात पाऊस आहे का, समता जेवण स्वतः करते की डबा लावला, सगळं कुत्र्याच्या डोक्यावरून. "विचार तिले, एवढी वाळली काऊन?" किसनराव एकदा म्हणाले. पाठ अजून मोबाइलकडेच होती. मग ही वाळलेली यांना दिसली कुठून? बेबीताईंनी नंतर पाहिलं, बाजेसमोरच्या भिंतीवरच्या आरशात मोबाइल बरोब्बर दिसत होता. हा आरसा आधी मोरीजवळ होता.

आणि एके सकाळी किसनरावांनी बायकोला हाक मारली, "अवं समताची माय!" दीड वर्षात ही हाक घरात झाली नव्हती. नुसतं 'अवं' असायचं. बेबीताईंच्या हातातली पोळी तव्यावर करपली, तरी त्या उभ्याच.

पोळा झाला त्या सुमाराला पेढ्याच्या पाठीवर लव दिसू लागली. आधी वाटलं धूळ आहे. बेबीताईंनी हात फिरवला तर मऊ, बारीक, दाट. आठ-दहा दिवसांत मांड्या भरल्या. जुने केसही तेलानं असे काही तुकतुकीत झाले की शेजारच्या शालूबाई येऊन कमरेवर हात ठेवून पाहतच राहिल्या.

"बेबीबाई, तुमचं कुत्रं तं नवरदेवावानी चमकून राह्यलं वं! मलेबी सांगा ते तेल, माह्या डोक्याले लावतो."

"लावाचं नसते, खा लागते," बेबीताई हसून म्हणाल्या.

"कुठं चमकते?" बाजेवरून किसनराव एकदम खेकसले. "उगं काहीबाही! उन्हात उभं हाये म्हणून तसं दिसते."

शालूबाईंना काही कळेना. त्या गेल्या. बेबीताई मात्र नवऱ्याकडं पाहत राहिल्या. म्हणजे जे आपल्याला सुचलं, तेच यांनाही सुचलंय. केस आले की समता पेढ्याला नेणार. पेढा गेला की गोळी गेली, गोळी गेली की सकाळचा फोन गेला. आणि या दोघांच्या मधे बोलायला मग कोण राहणार? पुन्हा तो माणूस अंगणात जाऊन उभा राहील, पुन्हा तिकडं पोरीचा आवाज बदलेल. या वयात अजून दीड वर्ष तसं काढायचं बेबीताईंच्या जिवावर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गोळी हातात घेतली आणि पिन काढलीच नाही. पाटावर बसून राहिल्या. नाही दिली तर? कोणाला कळणार आहे? पेढा समोर बसून होता, एकदा हाताकडं, एकदा तोंडाकडं पाहत. त्याचा काय दोष? आजारी पडला, घरातून काढला, आता कुठं अंगावर चार केस आलेत बिचाऱ्याच्या. बेबीताईंना स्वतःचीच लाज वाटली. "माह्यं डोकं फिरलं रे बाबा," त्या त्याला म्हणाल्या आणि गोळी टोचून शेवटच्या थेंबापर्यंत पिळली.

पण फोन आला तेव्हा त्यांनी मोबाइल असा धरला की पेढ्याचं फक्त शेपटीचं बूड दिसावं. तिथं अजून केस आले नव्हते.

"अजून तसंच दिसते ग आई," समता म्हणाली.

"काय सांगू बाई आता," बेबीताई म्हणाल्या.

रोज संध्याकाळी वंदनेत खोटं न बोलण्याचं शील घेणारी बाई ती. दिवसभर मनात हिशोब लावत राहिली. खोटं कुठं बोलले मी? फोनच तसा धरला. फोन धरण्याबद्दल काही सांगितलेलं नाही. तरी संध्याकाळी ते वाक्य म्हणताना त्यांचा आवाज जरा खालीच आला.

असं चार-आठ दिवस चाललं आणि शेपटीचं बूडही भरलं. आता कुठून धरायचा फोन? त्या काळजीत बेबीताई सकाळी गोठ्याकडून आल्या, तर अंगणात किसनराव उकिडवे बसलेले. पुढ्यात पेढा. शेजारी चुलीतल्या राखेचं टोपलं. मूठ मूठ राख घेऊन ते कुत्र्याच्या पाठीवर चोळत होते, मन लावून, बैलाला रंग लावावा तसे. पेढ्याची ती सोन्यासारखी कांती पार मळकट होऊन गेली होती.

चाहूल लागली तसे ते दचकले.

"गोचिड झाले व्हते," ते म्हणाले. "राखीनं मरतात."

"हाव," बेबीताई म्हणाल्या. "मरतात."

एवढंच बोलणं झालं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी चुलीतली राख चाळणीनं चाळून, खडे-निखारे काढून, टोपल्यात भरून अंगणात ठेवून दिली. किसनरावांनी टोपल्यात हात घातला, राख बोटांत चोळून पाहिली, एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं आणि कामाला लागले. त्यानंतर तो रोजचाच नेम झाला. आधी किसनरावांची राख, मग बेबीताईंचं तेल, मग समताचा फोन. फोन झाला की किसनराव त्याला विहिरीवर नेऊन आंघोळ घालायचे. त्या कुत्र्याइतकं स्वच्छ जनावर अख्ख्या गावात नसेल.

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. फोन लागला होता, समता आज केंद्रात लवकर आली होती आणि खुशीत होती. पेढा ओसरीवर मोबाइलसमोर बसला होता, राखेनं भुरका झालेला.

"पेढ्या, बाबाले सांग, घरमालकीण आता नरम झाली. म्हणते थोडे कमी केस असले तरी आण."

बेबीताईंनी पदर तोंडाशी नेला.

"सांग तिले," किसनराव सावकाश म्हणाले, "पण अजून काहीच नाही म्हणा. पाह्य म्हणा कसं रुखं-रुखं हाये. एवढ्या लांब कुठं नेते..."

वाक्य पुरं व्हायच्या आत पेढा उभा राहिला. पुढचे पाय ताणले, कान फडफडवले आणि नाकापासून शेपटीपर्यंत सगळं अंग असं काही झटकलं की ओसरीवर राखेचा ढग उठला. मोबाइलवर राख, माठावर राख, किसनरावांच्या पांढऱ्या शर्टावर राख. ढग खाली बसला तेव्हा सकाळच्या उन्हात मोबाइलसमोर एक तांबूस, घट्ट केसांचा, चकचकीत कुत्रा उभा होता. त्यानं एक शिंक दिली.

समताचा आवाज आला.

"पेढ्या, ही राख कोनं लावली रे?"

पेढ्याला अंगणात कोंबडी दिसली. तो ओसरीवरून उडी मारून निघूनच गेला. मोबाइलसमोरची जागा रिकामी झाली. मधे बोलायला कोणी उरलं नाही.

बेबीताई पुढं होणार, मी लावली म्हणून सांगणार, पण त्यांना नवऱ्यानं हातानंच थांबवलं. किसनराव बाजेवर वळले. तोंड मोबाइलकडं झालं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मिशांना राख लागली होती.

"म्या लावली," ते म्हणाले.

समता पाहत राहिली. तिच्या मागं कुत्री भुंकत होती, पण ती मागं वळली नाही.

"काऊन, बाबा?"

"काऊन म्हणजे..." किसनरावांनी शर्टावरची राख झटकली. पुन्हा झटकली. "ते बरं झालं का तू नेशीन. मंग?"

मंग काय, हे त्यांना पुढं सांगता येईना. समतानं ओठ दाबून धरले होते. मग ती हळूच म्हणाली,

"मले माहीत व्हतं."

"राखीचं?"

"राख तं आत्ता कळली. केस आल्याचं पोळ्यापासूनच दिसून राह्यलं होतं. दिवसभर कुत्रेच पाहतो न मी. आई फोन शेपटीकडं धरे, तवाच समजलं."

बेबीताईंना कुठं तोंड लपवावं कळेना.

"मंग बोलली काऊन नाही?" किसनराव म्हणाले. "नेलं काऊन नाही?"

"तुमी बोलून राह्यले होते न बाबा."

किसनरावांनी मान खाली घातली. बेबीताई मात्र रडल्या, उघडउघड, पदराबिदराची पर्वा न करता. इतके दिवस तिघं एकाच गोष्टीला जपत होते आणि तिघं एकमेकांना फसवत होते. फसला एकटा पेढा, ज्याला रोज उगीच राखेत लोळावं लागलं.

समताला कोणीतरी हाक मारली, ती "आले" म्हणाली, पण गेली नाही.

"घेऊन जाय तुयं कुत्रं," किसनराव म्हणाले. घसा साफ केला. "बरं झालं तं तुयं तू ने. इथं सवय लागून राह्यली मले."

"येते दसऱ्याले."

"ये."

आता फोन बंद होणार असं बेबीताईंना वाटलं. किसनरावांनी उठून मोबाइल माठाजवळून उचलला आणि डोळ्यांपासून लांब धरला. त्यांना बटण दाबता येत नाही म्हणून त्या मदतीला पुढं झाल्या. पण त्यांना बंद करायचाच नव्हता.

"ते मागं कोणचं वरडून राह्यलं?" त्यांनी विचारलं.

"कुठं?"

"तुया मागं. केव्हापासून ऐकतो. रडल्यावानी वरडते ते."

समतानं डोळे पुसले आणि मोबाइल फिरवला. जाळीची दारं दिसली, धुतलेली फरशी, स्टीलची भांडी. किसनरावांनी ती जागा कधीच पाहिली नव्हती. समता चालत गेली आणि एका जाळीपाशी थांबली. आत काळा कुत्रा होता, मागचा एक पाय बँडेजमध्ये, अंगावर ठिकठिकाणी खरचटल्याच्या जखमा.

"हा काल आला. गाडीनं उडवला."

"कोणाचा?"

"कोणाचाच नाही. रस्त्यावर पडला होता."

"खात-पीत हाये का?"

"अजून नाही. हातानं भरवून राह्यलो आमी."

"तूच भरवते?"

"हाव."

किसनराव मोबाइल धरून पाहत राहिले. जाळीतून समताचा हात आत गेला, काळ्याच्या डोक्यावर टेकला आणि रडणं थांबलं. हात चांगलाच वाळला होता, मनगटावर चावल्याची जुनी खूण होती. किसनरावांनी त्या खुणेकडं बराच वेळ पाहिलं.

"नाव काय याचं?"

"नाव नाही ठेवलं अजून," समता म्हणाली. "तुमीच सांगा न बाबा, काय ठेवू?"

किसनरावांनी बाजेवर बसकण मारली. अंगणात पेढा कोंबडीमागं पळून पळून दमला होता आणि तुकतुकीत अंगानं मातीत लोळत होता. तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

"असं घाईनं नाही सुचत," ते म्हणाले. "उद्या फोन कर. उद्या सांगतो."